रिझर्व्हवर गाडी चालवण्याबद्दल

टाकीच्या तळाचा गाळ फिल्टर अडवतो, मग रिझर्व्हवर चालवायला काय हरकत, असं काही जण म्हणतात. गाळापुरतं ठीक. पण फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांत इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बहुधा टाकीतच असतो आणि भोवतालचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

मी वर्षभर दोनशे-तीनशेचंच पेट्रोल टाकत होतो. मे महिन्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि गाडीने आचके देत मान टाकली. मेकॅनिकने मागची सीट उचलून पंप काढला, तर जाळी काळीकुट्ट, मोटर जळालेली. खरं तर महिनाभर आधीपासून मागून घूंऽऽ आवाज चढा यायचा. चावी ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद दाब भरतो, तेव्हा कान देऊन ऐका. आता काटा पाव टाकीवर आला की मी पेट्रोल पंपावर वळतोच.