ब्लीच स्वस्त आहे खरं, पण...
वर कोणीतरी म्हटलंय की हॉस्पिटलात जंतू मारायला बजेट नसलं तरी ब्लीच (क्लोरीनचं द्रावण) असतंच, तेवढ्यावर भागतं. अर्धंच पटलं. गरम हवेत ते कॅनमध्येच मरत जातं, पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या कॅनवर ५ टक्के छापलेलं असलं तरी आत तेवढं क्लोरीन उरलेलं नसतं आणि आपण नऊ पट पाणी घालून ०.५ टक्के झालं म्हणून मोकळे. पातळ केलेलं तर रोज नवीनच लागतं. आमच्या वॉर्डात बादली दोन-दोन दिवस तीच, वास येतोय ना मग चालतंय (!), शिवाय सांडलेलं रक्त न पुसताच त्यावर ओतायचे, म्हणजे निम्मं क्लोरीन रक्तातच खर्ची.

त्यापेक्षा क्लोरीनच्या गोळ्या किंवा पावडर बघा, कोरडी ठेवली तर कॅनमधल्या द्रव ब्लीचपेक्षा बरीच जास्त टिकते.