मोठेपणी गिटारचा पर्सनल क्लास लावलात? अनुभव सांगा

नाशिककर (धागा मीच काढतेय)

मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याची गिटार कपाटामागे राहिली. अकरावीत हट्टाने घेतलेली, जेमतेम चार महिने वाजवलेली. दिवाळीच्या साफसफाईत काढली, पुसली, विकायला टाकू म्हणून फोटो काढता काढता एक तार छेडली. तिथेच फसले. वय ४९.

तीन आठवडे यूट्यूबवर घालवले, मग क्लास लावला. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सात, महिन्याला आठ क्लास, ३,५०० रुपये. सर २४ वर्षांचे. ते मला काकू म्हणतात, मी त्यांना अहो सर.

पहिल्या दिवशी वाटलं होतं, निदान एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा एक आकार, तरी येईल. सरांनी पाऊण तास नुसत्या तारा जुळवायला लावल्या, तेही मोबाईलमधला ट्यूनर बंद करून. शाळेत पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्या इथे कामी आल्या. पेटीची पांढरी एक पट्टी (सी) सा धरली तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ग, ध, रे, प, नी, ग. सर ई-ए-डी-जी-बी-ई म्हणतात, मी मनात गधरेपनीग. एक तार पाचव्या फ्रेटवर (मानेवर आडव्या पट्ट्यांनी पाडलेली घरं म्हणजे फ्रेट) दाबायची आणि पुढची मोकळी तार तिच्याशी मिळवायची. फक्त प वरून नी ला जाताना चौथा फ्रेट, कारण तिथलं अंतर अर्ध्या सुराने कमी. हे सरांनी सांगायच्या आधी माझ्या कानाला खटकलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचे सहा आठवडे ते उतरवण्यात गेले. सी कॉर्डवरून जी ला जाईपर्यंत गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असतं.

तर मंडळी, तुमचं कसं झालं? समोर माणूस बसल्याने असं काय मिळालं जे व्हिडिओत मिळालं नसतं? फसला असाल तर तेही लिहा, फक्त नावं नकोत.

डोंबिवलीकर

मी वर्षभर स्वतःच शिकलो आणि एफ कॉर्डपाशी अडकलो. पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा आडव्या दाबायच्या. माझ्या दोन वाजायच्या, बाकीच्या ठक्क. बोटात जोर कमी म्हणून मी स्पंजचा चेंडूसुद्धा दाबत बसायचो.

शेवटी सर लावले. त्यांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "अंगठा काढ." म्हणजे? म्हणजे गिटारच्या मानेमागचा अंगठा पूर्ण बाजूला, आणि दंडाच्या वजनाने बोट मागे ओढायचं. वाजलं! पूर्ण नाही, पण पाच तारा वाजल्या. मी वर्षभर अंगठ्याने चिमटा काढत होतो. दुसरी गोष्ट, बोट सपाट ठेवायचं नाही, किंचित कुशीवर वळवायचं. पेरांच्या सांध्यात जी घडी असते तिच्यात तार शिरते आणि मुकी होते, कडेला हाड असतं. तिसरी, तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर, आणि दर क्लासला एकेक घर खाली. पहिल्या फ्रेटवर तार सर्वांत हट्टी असते, तिथून सुरुवात करणं म्हणजे पोहायला शिकायला थेट विहिरीत उडी.

आणि हो, त्यांनी माझी गिटार हातात घेऊन बाराव्या फ्रेटपाशी तारांखाली बोट सरकवून दाखवलं. तारा फारच उंच होत्या. दुरुस्तीवाल्याने ३०० रुपयांत खालची सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून दिली. वर्षभर मी बोटांना शिव्या दिल्या, त्या सॅडलला द्यायला हव्या होत्या.

रत्नागिरीकर

आमच्याकडे पावसाळ्यात पंधरा दिवसांत तारा गंजतात. सरांचा पहिला धडा: वाजवून झालं की घाम पुसायचा, मग झाकायची. भिंतीला टेकवून ठेवाल तर ओल लागेल.

पुणेकर

पुणेकर असून फसलो, हे आधी कबूल करतो. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. तासाचा क्लास हळूहळू पंचवीस मिनिटांवर आला, त्यातली दहा सरांच्या फोनवर. "तुमची गिटार चालणार नाही" म्हणून त्यांच्याच ओळखीच्या दुकानातून नवीन घ्यायला लावली. पुढे दुसऱ्या बाईंकडे गेलो, त्यांनी पहिली जुनीच गिटार काढायला सांगितली. आता महिन्याचे पैसे महिन्याला, आणि सुरू करण्याआधी एक क्लास नुसता बघून.

मडगावकर

आमचे सर वेगळ्या पठडीतले. नायलॉनच्या तारा, डाव्या पायाखाली छोटा स्टूल, आणि कॉर्डच्या आधी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी. दोन महिने मी तीन तारांवर बालगीतं वाजवत होतो, घरचे हसायचे. पण ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षेत पहिल्या ग्रेडला ७५ च्या वर गुण पडले, म्हणजे मेरिट. ज्यांना फक्त मित्रांत बसून गायचंय त्यांनी या वाटेला जाऊ नये, खरं सांगतो.

डब्लिनकर

माझे सर ठाण्यात, मी इथे. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार, त्यामुळे वर्षातून दोनदा कुणीतरी तासभर वाट बघतं. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं अशक्य. सर टाळी देतात ती मला मागाहून येते. मग ते ठेका रेकॉर्ड करून पाठवतात. सगळं शिकता येतं, पण कुणाच्या तरी बाजूला बसून वाजवायची भूक राहते.

कोल्हापूरकर

मी शिकवतो. मोठी माणसं माफी फार मागतात. एक कॉर्ड चुकली की थांबून "सॉरी सर", पुन्हा पहिल्यापासून. लहान पोरं चुकतात आणि तशीच पुढे जातात, म्हणून त्यांचा ठेका लवकर बसतो. माझ्याकडे आता नियम आहे: चुकलं तरी उजवा हात थांबवायचा नाही. आणि डाव्या हाताची नखं कापून या हो, दर वेळी सांगायची लाज वाटते.

नाशिककर

डोंबिवलीकर, काल अंगठा काढून बघितला. सर म्हणाले, "काकू, हे मी तीनदा सांगितलं होतं."

आमच्याकडे हे काळी एकमध्ये गातात. सरांनी पहिल्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी चाच आकार धरायला सांगितला, झाली काळी एक. मग रात्री दोन अंतरे निभावले. हे थांबले नाहीत, म्हणून मलाही थांबता आलं नाही.

तेवढ्यात लेकाचा फोन. "आई, ती गिटार विकलीस का?"

म्हटलं, गिऱ्हाईक मिळालंय.