मदत हवी आहे: पिअर सपोर्टला (वैमानिकांना मानसिक ताणात आधार देणारी सहकाऱ्यांची सेवा) फोन केल्यावर नेमकं काय होतं?

धाकटा भाऊ फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. दोन महिने धड झोप नाही, सतत धास्ती. सध्या रजेवर आहे, विमान उडवत नाही. औषध काही सुरू नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे मी स्पष्ट विचारलं, नाही म्हणाला. रजेआधी रात्रीची उड्डाणं कमी करून घेतली होती, फरक नाही. मेडिकल (उड्डाणासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) जाईल या भीतीने डॉक्टरांकडे जात नाही.

युरोपात २०२१ पासून विमान कंपन्यांना पिअर सपोर्ट सक्तीचा आहे, तशी सोय त्याच्या कंपनीतही आहे. पण गोपनीयतेवर त्याचा भरवसा नाही, आणि मला खोटा धीर द्यायचा नाही.

ज्यांनी अशी मदत घेतली किंवा दिली आहे, त्यांनी सांगा: पहिल्याच बोलण्यात नाव नोंदवतात का? आणि कोणत्या परिस्थितीत गोष्ट कंपनीपर्यंत जाते?