रिमोटने बंद म्हणजे बंद नव्हे
रिमोटने दिव्यांची माळ विझवली की वीज शून्य, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. रिमोटचा इशारा पकडायला आतला रिसीव्हर जागाच असतो. गेल्या चवथीला मखराला लावलेली एलईडी पट्टी आम्ही रिमोटनेच बंद करायचो. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) उतरवताना अडॅप्टरला हात लागला, तर चक्क कोमट! मग वॅटमीटर लावून पाहिलं: पट्टी विझलेली, आकडा १.५ वॅट. वर्षभर तसंच राहिलं तर १३ युनिट. एकीचं किरकोळच म्हणा, पण देवघर, बाल्कनी, तुळशीपाशी धरून आमच्याकडे अशा सहा निघाल्या.

भिंतीवरचं बटण बंद करणं उत्तम, फक्त ते फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर हवं. आमच्या जुन्या घरात ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर जोडलेलं; त्यामुळे बाल्कनीतली, अडॅप्टरशिवाय थेट घरच्या विजेवर चालणारी माळ बंद करूनही रात्रभर मिणमिणायची.