सायबर सहकार्याचा मसुदा लिहिताय का कोणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सरकारी खात्यात आंतरराष्ट्रीय सायबर सुरक्षेचं काम बघते, सध्या दुसऱ्या एका देशाशी सहकार्य कराराचा मसुदा चाललाय आणि एका कलमावर गाडी अडलीये. हल्ला होतो एका देशात, सर्व्हर तिसरीकडेच, आणि रीतसर विनंतीपत्र पोचेपर्यंत लॉग्ज (सर्व्हरवर कोण कधी आलं याच्या नोंदी) उडालेले असतात. २००१ च्या बुडापेस्ट करारात (सायबर गुन्ह्यांवरचा आंतरराष्ट्रीय करार) चोवीस तास चालू असणारा संपर्क बिंदू आहे, डेटा निदान ६० दिवस जपून ठेवायची सोय पण आहे, पण जपलेला डेटा प्रत्यक्ष हातात यायला परत तीच लांबलचक कायदेशीर प्रक्रिया! २०२४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेल्या सायबर गुन्ह्यांवरच्या करारातही असंच चोवीस तास संपर्काचं नेटवर्क आहे.

माझा प्रश्न असा की सर्ट टीम्सनी (सायबर हल्ले हाताळणारी तांत्रिक पथकं) एकमेकांना दिलेली तांत्रिक माहिती (आयपी पत्ते, मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर ओळखायचे हॅश कोड वगैरे) आणि कोर्टात चालेल असा पुरावा, हे दोन्ही एकाच करारात घालावं का वेगवेगळं ठेवावं? मला वेगळंच बरं वाटतं, कारण पोलीस तपास मधे आला की टीम्स बोलायच्याच बंद होतात, आणि तसं झालेलं मला अजिबात नकोय. असा मसुदा कोणी केला असेल तर शब्दरचना कशी ठेवलीत ते प्लीज सांगा.