अनुभव धागा: संगणकावर बसणारी मुलं वाचतात कशी?

लेक सातवीत. लॉकडाऊनमध्ये शाळा लॅपटॉपवर आली, तेव्हापासून तिची नजर पानावर भराभर घसरते. परवा स्क्रीनवरचा एक उतारा मोठ्याने वाचायला लावला. निम्मी ओळ वाचली, उरलेली मनानेच जोडली. ‘विहिरीपाशी’चं ‘विहिरीतून’ झालं, तिच्या गावीही नाही! तुमच्याकडे काय दिसतं? उपदेश नको, घरातलं-वर्गातलं सांगा.

खडूफळा: जि.प. शाळेत तिसरीला शिकवतो. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. पण खापर स्क्रीनवर फोडू नका. शाळा बंद होत्या तेव्हा माझ्या निम्म्या पोरांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता. वाचायलाच काही नव्हतं हो.

टंकमास्तर: माझा अनुभव उलटा. पुतण्या नववीत, जोडाक्षर आलं की अडखळायचा. सुट्टीत मराठी टायपिंगला बसवला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क्ष’ची एक कळ शोधत बसला होता. म्हटलं, बाबा, आधी क, मग डी दाबून पाय मोड, मग ष. तो थांबला. म्हणाला, “काका, म्हणजे यात क आहे?” नऊ वर्षं ते अक्षर तो चित्रासारखं ओळखत होता. त्या दिवशी दुकानांच्या पाट्यांवरची जोडाक्षरं फोडत घरी आला: स्वस्त, वस्त्र, लक्ष्मी...

न्यू जर्सीची आत्या: आमची मुलं आजीचे मेसेज रोमनमध्ये आले तर वाचतात, देवनागरीत आले की फोन माझ्या हातात. सवय आम्हीच लावली, आम्हीही रोमनमध्येच लिहायचो.

पानपलट्या: ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. मुलाला दाखवले. कोडी सोडवतो, गोष्टी टाळतो. असो.

खडूफळा: कोड्याचा प्रश्न तरी पूर्ण वाचतो ना? मग चाललंय.

धागाकर्ती: काल एक गोष्ट करून पाहिली. तोच उतारा छापून दिला. स्क्रीनवर तिचं बोट मजकूर वर ढकलत होतं. कागदावर ते शब्दाखाली येऊन थांबलं. ‘विहिरीपाशी’ बरोबर वाचलं. पुढच्या ओळीत मात्र ‘ओसरी’ला थबकली. आई, ओसरी म्हणजे? आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाखवू तरी कुठली?