टीबीच्या गोळ्यांनी दादाला कावीळ, मी प्रतिबंधक गोळी घेऊ का?

नमस्कार मंडळी,

महिनाभर झाला मी इकडे फोंड्यालाच आहे, दादाला टीबी निघाला म्हणून. गोळ्या सुरू झाल्या, चार औषधं एकत्र असलेल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला मासळीचा वास सोसेना, पेज समोर ठेवली तरी ओकारी, लघवी कोऱ्या चहासारखी. आम्ही पित्त पित्त म्हणत चार दिवस घालवले, डोळे पिवळे दिसले तेव्हा धावलो. एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या आठपट! गोळ्या लगेच थांबवल्या. वाड्यावर बोलतात की उर्राक (काजूची दारू) घेत असणार. अहो तो थेंबाला शिवत नाही, आईला हे फार लागलंय. शेजारचे आजोबा ह्याच गोळ्यांनी खडखडीत बरे झाले, मग दादालाच का? आणि घरातली म्हणून मलाही टीबी होऊ नये म्हणून त्या चारांतलंच एक औषध, आयसोनियाझिड, सहा महिने घ्यायला सांगितलंय. सख्खी भावंडं आम्ही, घेऊ का? डॉक्टरकाका, वाचत असाल तर सांगा ना.

—

रि: अगं, आधी आईला हे वाचून दाखव. दारू न पिणाऱ्यालाही हे होतं. दारूने, हिपॅटायटिस बी-सीने, कुपोषणाने, वयाने धोका वाढतो खरा, पण जन्मतः मिळालेल्या जीनचाही त्यात हात असतो. सगळ्यात भक्कम पुरावा एनएटी-२ चा. हा जीन लिव्हरमधलं जे एन्झाइम बनवतो ते आयसोनियाझिडचा निचरा करतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती मंद असल्या तर माणूस स्लो ॲसिटिलेटर, म्हणजे हा निचरा हळू होणारा, मग औषधातून तयार होणारी हायड्राझिनसारखी विषारी द्रव्यं साठत जातात आणि लिव्हरला इजा करतात. भारतात साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त लोक स्लो आहेत, जपानात मात्र दहातला एखादा. पण स्लो असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, हे नीट लक्षात घे. आणि दादाला नेमकं कशाने झालं हेही अजून ठरलेलं नाही, कारण त्याच गोळीतली पायराझिनामाइड आणि रिफाम्पिसिनही लिव्हरला त्रास देतात. चौथं एथॅम्ब्युटॉल तेवढं लिव्हरला सुरक्षित.

तुझं विचारशील तर, दादा स्लो असेल तर तूही असण्याची शक्यता कमीत कमी चारात एक. म्हणून गोळी टाळू नकोस, घरात टीबी असताना ती कामाची आहे. डॉक्टरांना दादाचं सगळं सांग, सुरू करायच्या आधी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) कर आणि मग ते सांगतील तशी पुन्हा. जीनची टेस्ट सरसकट करत नाहीत, एलएफटी आणि आपले डोळे जास्त उपयोगी. भूक गेली, मळमळलं, लघवी गडद झाली तर चार दिवस थांबायचं नाही, गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवायचं. लक्षणं असताना एएलटी तिप्पट किंवा लक्षणांशिवाय पाचपट, एवढ्यावर औषध थांबवतात, दादाचं तर आठपट होतं. आणि काविळीचं गावठी औषध कुणी प्रेमाने आणलं तरी त्याला देऊ नका.

—

रि: रि: काका, खूप खूप आभार. गावठी औषध आलंच होतं, ते बाजूला ठेवलं. दादाची एएलटी उतरली, आता एकेक औषध परत सुरू करतायत, आधी रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, मधे मधे रक्त तपासून. माझी एलएफटी नॉर्मल आली, सोमवारपासून गोळी सुरू. आईने तुमची मेल दोनदा वाचून घेतली आणि संध्याकाळी उर्राकचं बोललेल्या काकूंना स्वतः जाऊन समजावून आली.